सौम्य गाठींचें उग्र रूप

पन्नाशी ओलांडलेली एक गृहिणी डोळ्यांपुढें आणावी. गेले चार-सहा महिने तिचें पोट हळूहळू वाढत आहे. परंतु वयानें अंग सुटलें, पोटांत वायु धरला, अशी स्वतःची समजूत घालून ती घरकामांत गुंतलेली आहे. पुढें जिना चढतांना धाप लागूं लागते, रात्रीं उशाशीं दोन उशा घेतल्यावांचून झोंप येत नाहीं, आणि मग एके दिवशीं घरचीं माणसें तिला डॉक्टरांकडे घेऊन जातात. तपासणींत तीन गोष्टी आढळतात. ओटीपोटांत एक घट्ट गाठ आहे. पोटांत पाणी सांठलें आहे. आणि छातींत, उजव्या फुफ्फुसाच्या भोंवतींही पाणी आहे. या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या कीं घरांतील माणसांचे आवाज खालीं येतात. 'आतां फार दिवस नाहींत' हें वाक्य कोणी उच्चारीत नाहीं, परंतु प्रत्येकाच्या मनांत तें येऊन बसतें. या वयांत शस्त्रक्रियेचे हाल तिला कशाला, असा एक दयाळू विचारही कोणी तरी पुढें मांडतो.

हा दयाळू विचार कधीं कधीं अत्यंत घातक ठरतो. कारण याच तीन लक्षणांचा मेळ अशा एका गाठीमुळेंही बसूं शकतो, कीं जी कर्करोगाची नसते, जी शरीरांत अन्यत्र पसरत नाहीं, आणि जी काढून टाकतांच पोटांतील व छातींतील पाणी आटून जाऊन स्त्री पूर्ण बरी होते. अशा गाठी दुर्मिळ आहेत हें खरें. तथापि ज्या घरांत ती उद्भवली त्या घराला तिच्या दुर्मिळतेशीं काय कर्तव्य? तेथें प्रश्न एकाच जिवाचा असतो, आणि त्या जिवाचा निकाल पुरावा पाहण्यापूर्वींच लागूं नये, एवढेंच समजून घ्यावयाचें असतें.

शरीर हें असंख्य पेशींचें राज्य आहे. प्रत्येक पेशीसमूहाला वाढीची मर्यादा आंखून दिलेली असते. कातडीला खरचटलें तर जखम भरून येईपर्यंत नव्या पेशी निर्माण होतात व पुढें तें काम आपोआप थांबतें. ही मर्यादा सुटून एखादा पेशीसमूह विनाकारण वाढूं लागला म्हणजे गाठ, अथवा शास्त्राच्या भाषेंत अर्बुद, तयार होतें. अर्बुदाच्या मुख्य जाती दोन. एक सौम्य आणि दुसरी मारक. सौम्य गाठ वाढते, परंतु आपल्या कुंपणांत राहून वाढते. शेजाऱ्याला ढकलते, पण त्याच्या घरांत शिरत नाहीं. मारक गाठ कुंपण मोडून शेजारच्या अवयवांत घुसते, आणि रक्ताच्या व लसीकेच्या प्रवाहाबरोबर आपल्या पेशी दूरवर पाठवून तेथें नवीं ठाणीं वसविते. हिलाच आपण कर्करोग म्हणतों.

येथवर सारें सरळ आहे. अडचण पुढेंच आहे. समोर असलेली गाठ या दोहोंपैकीं कोणत्या जातीची, हें ओळखावयाचें कसें? सामान्य माणूस तीन खुणांवर निर्णय देतो. गाठ फार मोठी झाली म्हणजे ती वाईट. तिच्याबरोबर पाणी सुटलें म्हणजे ती वाईट. आणि ती मूळ जागा सोडून दुसरीकडे दिसूं लागली म्हणजे तर सर्व संपलेंच. या खुणा अगदींच निराधार नाहींत. परंतु स्त्रीच्या जननेंद्रियांत अशा कांहीं दुर्मिळ गाठी होतात, कीं ज्या या तिन्ही खुणांना खोट्या पाडतात.

पहिली खूण आकाराची. पोटांतील गाठ आणि गर्भ यांची गल्लत माणसाला फार पुरातन काळापासून ठाऊक आहे. चरकसंहितेंत रक्तगुल्म नांवाच्या विकाराचें वर्णन आहे. तो फक्त स्त्रियांनाच होतो, त्यांत गर्भासारखीं लक्षणें दिसतात आणि अनभिज्ञ माणसें त्या स्त्रीला गर्भवतीच समजतात, असें तेथें सांगितलें आहे. म्हणून प्रसूतीचा काळ, म्हणजे दहावा महिना, उलटून गेल्यावरच त्यावर उपचार करावा असा सावधगिरीचा नियमही ग्रंथकारांनीं घालून दिला आहे. ज्या काळीं पोटाच्या आंत पाहण्याचें कोणतेंही साधन नव्हतें, त्या काळीं काळ हाच एक परीक्षक होता.

हीच गल्लत १८०९ सालीं अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत झाली. जेन टॉड क्रॉफर्ड नांवाच्या एका स्त्रीचें पोट इतकें वाढलें होतें, कीं तिचे दिवस भरले आहेत अशीच सर्वांची समजूत होती. डॅन्व्हिल गांवचे शस्त्रवैद्य इफ्रेम मॅक्डॉवेल यांना तिला तपासण्यासाठीं बोलावण्यांत आलें. त्यांनीं गर्भाशय रिकामें असल्याचें ओळखलें आणि ही बीजकोशाची गाठ आहे असें तिला स्पष्ट सांगितलें. अशी गाठ पोट उघडून काढण्याचा यशस्वी प्रयोग तोंवर नमूद झालेला नव्हता, हेंही त्यांनीं तिच्यापासून लपविलें नाहीं. ती बाई सुमारें ६० मैलांचा प्रवास घोड्यावरून करून डॅन्व्हिलला गेली. त्या वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत, भुलीचें औषध माहीत नसलेल्या त्या काळांत, मॅक्डॉवेल यांनीं सुमारें २५ मिनिटांत ती गाठ काढली. आंतील बुळबुळीत द्रव्य आणि वरची पिशवी मिळून तिचें वजन २२ पौंडांहून अधिक भरलें. पांचव्या दिवशीं डॉक्टर पाहावयास गेले तेव्हां ती बाई उठून स्वतःचें अंथरूण नीट करीत होती. पंचवीस दिवसांनीं ती घरीं परतली, आणि पुढें १८४२ पर्यंत जगली. ती गाठ सौम्य होती याचा याहून बळकट पुरावा कोणता? आकार म्हणजे प्रकृति नव्हे, हा धडा बीजकोशाच्या शस्त्रक्रियेच्या पहिल्याच यशस्वी प्रयोगानें वैद्यकाला दिला.

दुसरी खूण पाण्याची. हिची कथा अधिक चमत्कारिक आणि आपल्या प्रारंभींच्या गृहिणीला अधिक जवळची आहे.

बीजकोश, म्हणजे गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या बदामाएवढ्या ग्रंथि. त्यांत स्त्रीबीजें पिकतात व स्त्रीत्वाचीं संप्रेरकें निर्माण होतात. हीं महत्त्वाचीं कामें करणाऱ्या पेशींना आधार म्हणून तेथें चिवट तंतूंचें जाळें असतें. या आधारतंतूंपासूनच कधीं कधीं एक भरीव गाठ उत्पन्न होते. तिला फायब्रोमा म्हणजे तंतुमय गाठ म्हणतात. ती कापून पाहिली तर पांढरी, टणक, आणि लांकडाच्या गाठीसारखी भोंवऱ्याभोंवऱ्यांची दिसते. बीजकोशाच्या सर्व गाठींत शंभरांत सुमारें चार या जातीच्या असतात, आणि बहुधा मासिक पाळी जाण्याच्या सुमारास वा त्यानंतर त्या आढळतात. त्यांपैकीं बऱ्याचशा कांहींही त्रास न देतां पडून राहतात. परंतु शंभरांत दहापंधरांमध्यें पोटांत पाणी सुटतें, आणि शंभरांत सुमारें एकींत तें पाणी पोटांत न राहतां छातींतही जाऊन पोंचतें. पोटांतील पाण्याला आपल्याकडे जलोदर हें जुनें नांव आहे. जलोदर, छातींतील पाणी आणि बीजकोशाची गाठ हें त्रिकूट मारक कर्करोगांतही दिसत असल्यामुळें अशी एखादी स्त्री कर्करोगाची म्हणूनच वैद्यांच्या हातीं येते.

फ्रान्समधील बोर्दो येथील शस्त्रवैद्य डेमॉन्स यांनीं १८८७ सालींच अशा रोगिणींची हकीकत प्रसिद्ध केली होती. सॅल्मन या अमेरिकन डॉक्टरांनीं १९३४ मध्यें या विषयाकडे पुन्हां लक्ष वेधलें. तथापि वैद्यकाच्या मनावर ही गोष्ट ठसविण्याचें श्रेय बोस्टन येथील डॉ. जो व्हिन्सेंट मेग्ज यांच्याकडे जातें. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल हें त्यांचें कार्यक्षेत्र. १८४६ सालीं ईथरच्या भुलीचा सुप्रसिद्ध जाहीर प्रयोग झाला तो याच रुग्णालयांत. मेग्ज यांनीं कॅस या सहकाऱ्याबरोबर १९३७ मध्यें सात रोगिणींचा वृत्तान्त छापला. सातहि जणींना बीजकोशाची तंतुमय गाठ होती, पोटांत पाणी होतें आणि छातींत पाणी होतें. गाठ काढल्यावर तें पाणी नाहींसें झालें. त्याच वर्षीं र्‍होड्स व टेरेल या दोघा डॉक्टरांनीं या लक्षणसमूहाला मेग्ज यांचें नांव दिलें, व तेंच पुढें रूढ झालें. फ्रेंच ग्रंथांत मात्र डेमॉन्स यांचें नांवही त्याला जोडलेलें आढळतें.

आतां साहजिकच असा प्रश्न उत्पन्न होतो, कीं गाठ ओटीपोटांत असतां पाणी छातींत कसें जातें? याची बहुमान्य उपपत्ति अशी आहे. मोठ्या भरीव गाठीला रक्ताचा पुरवठा होतो, परंतु तिच्या देंठावर ताण पडल्यामुळें अथवा तो दबल्यामुळें शिरांतून व लसीकावाहिन्यांतून परतीचा निचरा नीट होत नाहीं. त्यामुळें गाठ आंतून ओलीचिंब होते आणि तिच्या पृष्ठभागावरून पाणी पाझरूं लागतें. हें पाणी पोटाच्या पोकळींत सांठतें. पोट आणि छाती यांच्यामध्यें श्वासपटल नांवाचा स्नायूचा पडदा आहे. तो पडदा दिसावयास अखंड असला तरी त्यांतून लसीकावाहिन्यांचें जाळें गेलेलें असतें, आणि कांहीं जणांत तेथें सूक्ष्म छिद्रेंही असतात. या वाटांनीं पाणी वर खेंचलें जातें. शाईचे बारीक कण पोटांतील पाण्यांत सोडून पाहिले असतां ते छातीकडे जाणाऱ्या वाहिन्यांत पोंचलेले आढळले आहेत. या वाटा उजव्या बाजूस अधिक असल्यामुळें बहुतेक वेळां उजव्या फुफ्फुसाभोंवतींच पाणी सांठतें. म्हणजे छातींतील पाणी हें तेथें रोग पसरल्याचें चिन्ह नसून केवळ वाहून आलेलें पाणी असतें. तळघरांतील गळका नळ दुरुस्त न करतां माडीवरची ओल कितीही पुसली तरी ती पुन्हां येणारच. नुसतें सुईनें पाणी काढून अशा स्त्रीला दोन-चार दिवसांचा आराम मिळतो. पण पाणी पुन्हां भरतें. गाठ काढली कीं मात्र झराच बंद होतो.

मेग्ज यांनीं १९५४ सालीं या विकाराची व्याख्या अधिक कांटेकोर केली. गाठ भरीव, सौम्य, व तंतुमय गाठीच्या जातीची असली पाहिजे. पोटांत पाणी पाहिजे. छातींत पाणी पाहिजे. आणि गाठ काढल्यावर दोन्हीं ठिकाणचें पाणी नाहींसें होऊन तें पुन्हां येतां कामा नये. या चौथ्या अटीकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. बहुतेक रोगांचें निदान आधीं होतें व उपचार मागाहून येतो. येथें उपचार झाल्यावांचून निदानच पुरें होत नाहीं. रोगीण बरी झाली म्हणजेच तिला काय झालें होतें हें निश्चित म्हणतां येतें! शस्त्रक्रिया टाळणाऱ्यानें नुसता उपचारच टाळला असें नव्हे, तर सत्य कळण्याची वाटही बंद केली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

याच ठिकाणीं बीजकोशाच्या दुसऱ्या एका विलक्षण गाठीचा उल्लेख करावयास हवा. बीजकोशांत शरीरांतील सर्व प्रकारचे घटक निर्माण करण्याची शक्ति असलेल्या पेशी असतात, त्यामुळें तेथील कांहीं गाठींत केंस, कातडी, क्वचित् दांतही सांपडतात. अशा गाठी पुष्कळ आढळतात. त्यांपैकीं फारच थोड्यांत मात्र गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचाच मांसभाग प्रामुख्यानें वाढलेला असतो. बीजकोशाच्या शंभर गाठींत जेमतेम एक अशी निघते. अशा स्त्रियांपैकीं थोड्यांना छातींत धडधड, हातांना कंप, वजन घटणें अशीं थायरॉइडच्या अतिरेकाचीं लक्षणें होतात. गळा तपासावा तर तेथील ग्रंथि निर्दोष! चोर गळ्यांत शोधावा आणि तो ओटीपोटांत दडलेला असावा, असा हा प्रकार आहे. ही गाठही बहुधा सौम्यच असते, आणि कधीं कधीं तीही पोटांत व छातींत पाणी आणून कर्करोगाचें सोंग घेते.

आतां तिसरी खूण, म्हणजे पसरण्याची. मारक गाठ दूर जाते आणि सौम्य गाठ जागेवर राहते, हा तर भेदाचा पायाच. परंतु निसर्गानें येथेंही एक अपवाद ठेवला आहे. गर्भाशयाच्या स्नायूंत होणाऱ्या फायब्रॉइड नांवाच्या गाठी स्त्रियांत अत्यंत सामान्य आहेत, आणि प्रत्येक कुटुंबांत त्यांचें नांव केव्हां ना केव्हां ऐकूं येतें. त्या सौम्य असतात. तथापि अगदीं विरळ प्रसंगीं, अशा गाठीसाठीं शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीच्या फुफ्फुसांत कित्येक वर्षांनीं लहान लहान वाटोळ्या गाठी दिसतात. बहुतेक वेळां तिला त्यांचा कांहींच त्रास नसतो. अन्य कारणासाठीं काढलेल्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत त्या अचानक नजरेस येतात. चित्र पाहणाऱ्याला तें फुफ्फुसांत पसरलेल्या कर्करोगाचेंच वाटतें. परंतु गाठीचा तुकडा काढून तपासला असतां त्यांत गर्भाशयाच्या साध्या स्नायुपेशी आढळतात. त्यांत मारकपणाचें चिन्ह नसतें. स्टायनर यांनीं १९३९ मध्यें या विकाराचें वर्णन केलें. पुढील काळांतील अनुवंशद्रव्याच्या परीक्षांवरून गर्भाशयांतील व फुफ्फुसांतील गाठी एकाच मुळाच्या असल्याचें दिसून आलें आहे. या गाठी स्त्रीत्वाच्या संप्रेरकांवर पोसल्या जातात. म्हणून मासिक पाळी गेल्यावर, अथवा तीं संप्रेरकें कमी करणाऱ्या औषधांनीं, त्यांपैकीं कित्येक वाढावयाच्या थांबतात वा आकसतात. अशा स्त्रीला कर्करोगाचीं जहाल औषधें देणें म्हणजे निरपराध्याला शिक्षा देण्यासारखें होय.

याहूनही विलक्षण असा एक प्रकार आहे. त्यांत गर्भाशयाच्या स्नायूची ही सौम्य गाठ शिरेंत शिरते, वेलीच्या फांदीप्रमाणें शिरेच्या पोकळींतून वर वर वाढत जाते आणि क्वचित् हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोंचते. स्त्रीला घेरी येते, पाय सुजतात, आणि तपास हृदयविकाराचा सुरू होतो. तेथेंही सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी सौम्यच दिसतात. परंतु जागा हृदयाची असल्यामुळें ही सौम्यता जीव वांचवीत नाहीं. ती वांचविण्यासाठीं कुशल हातांनीं ती वेल समूळ उपटावीच लागते.

आकार, पाणी आणि प्रसार, या तिन्ही साक्षीदारांची साक्ष अशी उलटपक्षीं गेल्यावर न्याय कोणी द्यावयाचा? तो देतो विकृतिशास्त्रज्ञ, आणि त्याचें साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्र. गाठीच्या अत्यंत पातळ चकत्या रंगवून तो पाहतो. पेशी एकसारख्या आहेत कीं वेड्यावांकड्या, त्यांचें विभाजन किती वेगानें चाललें आहे, शेजारच्या भागांत त्यांनीं घुसखोरी केली आहे कीं नाहीं, या प्रश्नांचीं उत्तरें तेथें मिळतात. शस्त्रक्रिया चालू असतांनाच गाठीचा तुकडा गोठवून त्याची तातडीची तपासणी करण्याची सोय मोठ्या रुग्णालयांत असते. तिचा निर्णय बहुधा अर्ध्या तासाच्या आंत शस्त्रवैद्याच्या कानीं येतो. संपूर्ण तपासणीचा अंतिम निकाल कांहीं दिवसांनीं हातीं येतो, आणि तोच प्रमाण मानावयाचा असतो.

या अर्ध्या तासाचें महत्त्व तरुण स्त्रीच्या बाबतींत फारच मोठें आहे. कर्करोग गृहीत धरला तर दोन्ही बीजकोश आणि गर्भाशय काढून टाकणें भाग पडतें, व मातृत्वाची आशा कायमची संपते. उलट गाठ सौम्य आहे असें कळलें तर बहुधा एका बाजूची गाठ, अथवा तो एक बीजकोश, काढून काम भागतें. दुसरा बीजकोश व गर्भाशय सुरक्षित राहतात आणि पुढें संसार यथास्थित चालूं शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वींच, अशी तातडीची तपासणी होणार आहे काय व निर्णय सौम्य निघाल्यास काय राखतां येईल, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारण्यांत संकोच मानण्याचें कांहींच कारण नाहीं.

शस्त्रक्रियेपूर्वींच्या परीक्षा उपयुक्त आहेत, पण त्यांच्याकडून त्यांच्या शक्तीबाहेरची अपेक्षा करूं नये. सोनोग्राफीनें व अन्य चित्रणांनीं गाठ कोठें आहे, भरीव आहे कीं पोकळ, पाणी किती आहे, हें उत्तम कळतें. रक्तांतील सीए-१२५ या द्रव्याचें प्रमाण बीजकोशाच्या कर्करोगांत पुष्कळदां वाढतें. परंतु मेग्ज यांनीं वर्णिलेल्या निरुपद्रवी गाठींतही तें वाढलेलें आढळतें, आणि उदरावरणाच्या क्षयांतही वाढतें. तो आंकडा पाहूनच घरांत शोक सुरू करणें हें पुराव्यावांचून शिक्षा सुनावण्यासारखें आहे. उलट सुईनें काढलेल्या पाण्यांत मारक पेशी सांपडल्या नाहींत एवढ्यावरून निश्चिंत होणेंही बरोबर नव्हे. त्या कधीं कधीं एका नमुन्यांत येतच नाहींत.

आपल्या देशांत आणखी एक घोटाळा संभवतो. येथें क्षयाचें प्रमाण मोठें असल्यामुळें पोटांत व छातींत पाणी म्हटलें कीं क्षयाचाच संशय प्रथम येतो, आणि तो पुष्कळदां खराही ठरतो. तथापि ओटीपोटाची नीट तपासणी व सोनोग्राफी केल्यावांचून केवळ पाण्यावरून महिनोन् महिने क्षयाचीं औषधें चालू ठेवलीं, तर मूळची गाठ तशीच वाढत राहते. जेथें स्त्रीच्या पोटांत पाणी आहे, तेथें तिच्या बीजकोशांची चौकशी झालीच पाहिजे, हा साधा नियम लक्षांत ठेवावा.

एवढें ऐकून कोणाचा असा समज होऊं नये, कीं पोटांत गाठ व पाणी असलेली प्रत्येक स्त्री शस्त्रक्रियेनें सहज बरी होईल. वस्तुस्थिति अशी आहे, कीं मासिक पाळी गेल्यानंतर या लक्षणांचा मेळ दिसला तर त्यांत खरा कर्करोगच अधिक वेळां निघतो. सौम्य गाठ हा अपवाद आहे. परंतु अपवाद कोणता आणि नियम कोणता, हें वरून पाहून सांगतां येत नाहीं, हाच तर मुद्दा. शिवाय दोन्ही बाजूंनीं विचार केला तरी उत्तर एकच येतें. गाठ मारक असेल तर उशीर करणें घातक. गाठ सौम्य असेल तर आशा सोडणें घातक. दोहोंतही तपासणीकडे पाठ फिरविणें हाच खरा अपराध ठरतो.

सौम्य या शब्दानेंही फसून जाऊं नये. सौम्य गाठ म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी गाठ नव्हे. जड झालेली बीजकोशाची गाठ आपल्याच देंठाभोंवतीं पिळली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि असह्य वेदनांसह ओकाऱ्या सुरू होऊन तातडीच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग ओढवतो. गाठ मूत्राशयावर दाबली गेली तर लघवीचा त्रास होतो. छातींतील पाणी वाढलें तर श्वासच कोंडतो. कांहीं गाठी संप्रेरकें निर्माण करतात, त्यामुळें पाळी जाऊन वर्षें लोटलेल्या स्त्रीला पुन्हां रक्तस्राव होऊं लागतो. हा रक्तस्राव कितीही अल्प असला तरी तो दाखविलाच पाहिजे. पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाला 'उष्णता झाली' हें उत्तर कधींही पुरेसें नाहीं.

या सर्व प्रकरणांत सर्वांत मोठा अडथळा मात्र विज्ञानाचा नसून घराचा आहे. आपल्याकडील स्त्री घरांतील प्रत्येकाचा ताप मोजते, पण स्वतःचें पोट वाढत असलेलें कोणाला सांगत नाहीं. परकराची नाडी दर महिन्याला सैल बांधावी लागते, हें तिला कळत असतें. तें सुनेला सांगावयाची लाज, मुलाला सांगावयाचा संकोच, आणि पतीला सांगावें तर खर्चाची काळजी. मुंबईंत १८८६ सालीं कामा हॉस्पिटल उघडलें तें स्त्रियांना व मुलांना स्वतंत्र जागीं उपचार मिळावे म्हणूनच. स्त्री-डॉक्टरांची वाण तेव्हांसारखी आज राहिलेली नाहीं. आतां उणीव आहे ती वेळेवर उच्चारलेल्या चार शब्दांची.

पहिल्या गृहिणीकडे पुन्हां वळावें. समजा, घरांतील कोणी तरी आग्रह धरला आणि शस्त्रक्रियेचा निर्णय झाला. श्वासाला आराम पडावा म्हणून आधीं छातींतील कांहीं पाणी काढलें गेलें. भुलीच्या तज्ज्ञानें हृदय व फुफ्फुसें पारखून संमति दिली. पोट उघडल्यावर एका बीजकोशाची टणक, पांढरी गाठ हातीं आली. तुकडा गोठवून तपासला गेला, आणि निर्णय आला कीं ही साधी तंतुमय गाठ आहे. दोनतीन आठवड्यांनीं काढलेल्या छातीच्या चित्रांत उजवें फुफ्फुस स्वच्छ दिसलें. रात्रींच्या दोन उशांपैकीं एक पुन्हां कपाटांत गेली. कदाचित् निर्णय याच्या उलटही आला असता. मग उपचारांची दिशा निराळी असती, आणि तीही वेळीं ठरली असती. परंतु दोन्ही बाबतींत तिला जें मिळालें असतें, तें म्हणजे खरें उत्तर. त्या उत्तराचा अधिकार कोणत्याही स्त्रीपासून, तिच्यावरील दयेपोटींसुद्धां, कोणी हिरावून घेऊं नये.